शेवटच्या रांगेतला परीक्षक

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला आहेत, विषय द्राक्षावर पडणारा केवडा नावाचा रोग. येत्या २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनाच्या खुल्या दिवशी, त्यांना संस्थेच्या सभागृहात पंधरा मिनिटं मराठीतून बोलायचंय. समोर शाळकरी मुलं, त्यांचे पालक आणि आसपासच्या गावांतले बागायतदार. इंग्रजीतून सेमिनार देताना फारसा त्रास होत नाही, पण या कार्यक्रमाच्या नुसत्या विचारानं तोंड कोरडं पडतं. ‘मी मुळात स्टेजवरची नाही, आत्मविश्वास कुठून आणू?’ असं त्या विचारतात. सोबत भाषणाचा पहिला परिच्छेद पाठवलाय आणि एक तक्रारही केलीय, की गाइडना हा सगळा वेळेचा अपव्यय वाटतो.

मी नाटकवाला. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींत पडलो आणि त्यातून बाहेर आलोच नाही. गेली चौदा वर्षं नाटकाच्या जोडीला संशोधकांना बोलतं करण्याचं काम करतो. त्यामुळे उत्तर तालमीच्या बाजूनं येईल, मानसशास्त्राच्या बाजूनं कमी.

आधी आत्मविश्वास आला आणि मग माणूस चांगलं बोलला, असा क्रम मी अजून कुणाच्या बाबतीत पाहिलेला नाही. त्यामुळे तो प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. तुमच्या पत्रात दुसरीच एक गोष्ट दिसली. ‘चुकीचं बोलले गेले तर’ हे शब्द त्यात तीनदा आलेत. ‘मुलांना कळलं नाही तर’ हे एकदाही नाही. म्हणजे समोर बसणाऱ्या माणसांना तुम्ही घाबरलेल्या नाही आहात, त्यांचा विचार अजून सुरूच झालेला नाही. धास्ती आहे ती त्या दिवशी सभागृहात नसणाऱ्या कुणाची तरी.

काही वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत खगोलशास्त्रातला एक मुलगा सातवीच्या बारा पोरांसमोर उभा होता. ‘तारा म्हणजे तापलेल्या वायूचा गोळा’ एवढं छान म्हणाला आणि अडखळला. ‘म्हणजे काटेकोरपणे बघितलं तर प्लाझ्मा… आणि न्यूट्रॉन तारे सोडून… आणि पांढऱ्या बटूंचं थोडं वेगळं असतं…’ असं करत तीन मिनिटं तो अपवादांच्या पायऱ्या उतरत राहिला. पोरं खिडकीबाहेर बघायला लागली. नंतर मी विचारलं, ‘कुणाला सांगत होतास रे?’ तो जरा विचार करून म्हणाला, ‘आमच्या लॅबमधल्या सीनियरला.’ तो सीनियर तेव्हा जर्मनीत होता.

या गैरहजर माणसाला मी शेवटच्या रांगेतला परीक्षक म्हणतो. प्रत्येक संशोधकाच्या डोक्यात तो बसलेला असतो, आणि बसलेला असायलाच हवा, कारण शोधनिबंध लिहिताना तोच कामाला येतो. इंग्रजी सेमिनारला तो खरोखरच हजर असतो. त्याचं समाधान कसं करायचं याची वाक्यं तुम्हाला पाठ आहेत, म्हणून तिथं तोंड कोरडं पडत नाही. विज्ञानदिनाच्या हॉलमध्ये ती वाक्यं चालत नाहीत आणि हातात दुसरं काही नसतं. तुम्ही त्याला भित्रेपणा म्हणताय. मला तो तयारीचा प्रश्न वाटतो.

पहिलं काम कागदावरचं. तीन माणसं लिहून काढा, खरी, तुमच्या ओळखीतली. एक आठवीतली मुलगी. एक तिची आई, जिला मुलीला घेऊन पाचच्या आत घरी पोचायचंय. आणि एक बागायतदार. फेब्रुवारीच्या अखेरीस त्याचा माल उतरत असतो, व्यापाऱ्याचे फोन चालू असतात, तरी तो अर्धा दिवस काढून आलाय. प्रत्येकापुढे लिहा: हा माणूस सकाळपासून काय करून आलाय? इथून जाताना तो काय घेऊन जाईल? मुलीसाठी जे लिहाल ते बागायतदाराला चालणार नाही, हे लिहितानाच कळेल. पंधरा मिनिटांतली साताठ मिनिटं कुणा एकाला द्यायची हे तेव्हाच ठरवून टाका. तिघांनाही सारखंच देऊ गेलात तर कुणालाच काही मिळत नाही.

एक छोटा खेळही करून बघा. घरातल्या कुणाला तरी समोर बसवा आणि गणपतीची एखादी आरती मनात म्हणत तिचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवा. तोंडानं काही म्हणायचं नाही. ‘कुठली आरती?’ विचारा. तुम्हाला वाटेल, यात ओळखण्यासारखं काय आहे, सरळ तर वाजतेय! समोरच्याला फक्त टकटक ऐकू येते. एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेनं १९९० मध्ये स्टॅनफर्डला हाच प्रयोग केला होता. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली तीन. माझ्या कार्यशाळेत भाषणाचा ‘भ’ काढण्याआधी मी हे करून घेतो, कारण डोक्यात पेटी-तबला वाजत असताना समोरच्याला काय ऐकू येतं, हे नुसतं सांगून पटत नाही.

आता तुमचा परिच्छेद. सुरुवात अशी आहे: ‘द्राक्षवेलीवरील केवडा अर्थात डाउनी मिल्ड्यू हा प्लाझमोपारा व्हिटिकोला या ऊमायसीट वर्गातील परजीवी रोगकारकामुळे होणारा आर्थिकदृष्ट्या महत्त्वाचा रोग असून…’

‘असून’पाशी मी थांबलो. ‘असून’ हा बोलण्यातला शब्दच नाही, तो परिपत्रकातला आहे. घरी आईला फोन करताना ‘मी स्टेशनवर पोचले असून’ असं तुम्ही म्हणता का? एका वाक्यात नाव, दुसरं नाव, लॅटिन नाव, वर्ग, स्वभाव आणि महत्त्व, सगळं कोंबलंय, आणि सगळं बरोबर आहे. शेवटच्या रांगेतल्या परीक्षकानं पूर्ण गुण दिले असते.

त्याच मजकुराची मी केलेली मोडतोड बघा. हातात एक पान घेऊन उभ्या राहा. स्लाइड नको, पान.

‘हे पान बघा. वरून पिवळा, तेलकट डाग आहे, तेलाचा थेंब सांडल्यासारखा.’ इथे पान उलटायचं आणि दोन सेकंद गप्प राहायचं. ‘आणि खालून ही पांढरी लव. बागेत याला केवडा म्हणतात. आपण सगळे याला बुरशी म्हणतो, घरी मीही म्हणते. पण बुरशीला काही पोहता येत नाही. हा पोहतो.’

हे वाचताना तुमच्या डोक्यातल्या परीक्षकानं हात वर केला असणार. कायट्रिड नावाच्या खऱ्या बुरशींचे बीजाणूही पोहतात, त्यांचं काय? अगदी बरोबर, माझं वाक्य चूक आहे. (मी नाटकवाला आहे, असं वाक्य माझ्याकडून एका विदुषीसमोर एकदा हॉलमध्ये निसटलं होतं आणि तिनं तिथल्या तिथे कान उपटला.) पण दुरुस्ती कशी करायची? ‘कायट्रिड वगळता’ जोडलंत की पोरं खिडकीबाहेर. त्यापेक्षा म्हणा: ‘शिळ्या पावावर येणारी बुरशी तुम्ही पाहिलीय. ती पोहत नाही. हा पोहतो.’ वाक्य आता शंभर टक्के खरं आहे, एकही अपवाद जोडावा लागलेला नाही, आणि आठवीतल्या मुलीनं पावावरची बुरशी डोळ्यांनी पाहिलेली आहे. विधान खरं ठेवायचं असेल तर त्याला शेपट्या लावू नका, त्याचा परीघ ऐकणाऱ्यानं पाहिलेल्या गोष्टीपर्यंत आवळा. या कामात मला सापडलेली सगळ्यात उपयोगी युक्ती हीच. संशोधकांना ती पटते, कारण तिच्यात खोटं बोलावं लागत नाही. पुष्कळांना वाटतं, सोपं करणं म्हणजे थोडं खोटं बोलणं, आणि त्या टोचणीपायीच त्यांचा आवाज बसतो. टोचणी गेली की आवाज मोकळा होतो, हे मी कित्येकदा पाहिलंय.

‘हा पोहतो’ म्हटल्यावर तुमचं सगळं शास्त्र आपोआप मागे येतं. पान ओलं असलं की त्या पाण्याच्या पातळ थरात हे बीजाणू दोन शेपट्यांनी पोहतात, पानाच्या खालच्या बाजूला पर्णरंध्र गाठतात, शेपट्या टाकून देतात आणि तिथून आत घुसतात. हा जीव नात्यानं बुरशीपेक्षा तपकिरी समुद्रशैवालाच्या जवळचा. बटाट्यावरचा उशिरा येणारा करपा, ज्यानं १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ आणला, तोही याच्याच भाऊबंदांपैकी. आणि बागायतदार मनात म्हणतो, अस्सं, म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की केवडा येतो होय! त्याला जे वर्षानुवर्षं माहीत आहे त्याचं कारण तुम्ही त्याच्या हातात ठेवलंत. त्यानंतर तो तुमचं जनुकांचं बोलणंही ऐकेल.

मधल्या भागात बोर्डो मिश्रणाची गोष्ट घालाच, तुमच्या विषयाला ती आयती लाभलेली आहे. हा रोग अमेरिकेतून १८७८ च्या सुमारास फ्रान्समध्ये पोचला. १८८२ मध्ये बोर्डोचे प्राध्यापक मिलार्दे मेदोक भागातल्या द्राक्षबागांमधून चालले होते. बाकी वेलींची पानं झडलेली, रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्यागार. चौकशी केली तर कळलं, येणारे-जाणारे द्राक्षं तोडतात म्हणून कडेच्या वेलींवर मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना शिंपडून ठेवतात. निळसर घाण दिसली की कुणी हात लावत नाही. चोरांसाठी केलेला उपाय रोगावर लागू पडला. तीन वर्षं प्रयोग करून १८८५ मध्ये मिलार्देंनी तो प्रसिद्ध केला. तेच हे बोर्डो मिश्रण. एवढं सांगून थांबा आणि सभागृहाला विचारा: ‘एक टक्का बोर्डो कसं करतात?’ तुम्ही सांगू नका. मागून कुणीतरी बागायतदार म्हणेलच, ‘एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी.’ त्या क्षणापासून सभागृह तुमच्या बाजूनं असतं, आणि हे सांगणाऱ्या माणसाची पोरगी शेजारी बसलेली असेल तर तिच्या चेहऱ्याकडे जरूर बघा.

आपल्याकडचे कीर्तनकार हे फार पूर्वीपासून करत आलेत. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एखादं पद घेऊन त्याचं निरूपण होतं, मध्ये नामाचा गजर, बुक्का, आणि मग उत्तररंगात आख्यान. डोकं जड झालं की गजर, आणि गजरात सगळ्यांचं तोंड उघडतं. तुमचा ‘एक किलो मोरचूद’ हा त्या पंधरा मिनिटांतला गजर समजा. फक्त क्रमात मी एक बदल सुचवेन. कीर्तनाला येणारा श्रोता भक्तिभावानं आलेला असतो, तो आधी निरूपण ऐकून घेतो. शाळेच्या बसमधून आणलेल्या पोराकडून ती अपेक्षा करू नका. त्याला आधी पान, मग गोष्ट, आणि मग शास्त्र.

मराठीचं म्हणाल तर दोन टोकांच्या चुका होतात. काही जण परिभाषा कोश उघडून बसतात आणि ‘अनिवार्य परजीवी’ वगैरे म्हणतात. काही जण क्रियापदं तेवढी मराठी ठेवतात: ‘हा पॅथोजेन लीफला इन्फेक्ट करतो.’ तुम्ही मावशीला सांगताय असं समजून एकदा फोनवर रेकॉर्ड करा आणि तेच शब्द ठेवा. ‘जीन’ म्हणालात तरी चालेल, ‘जनुक’ म्हणालात तरी चालेल, पंधरा मिनिटं एकच काय ते म्हणा. ‘पर्णरंध्र’ मराठी माध्यमातल्या पोरांना पुस्तकातून माहीत असतं, इंग्रजी माध्यमातल्यांना ‘स्टोमाटा’. एकदा दोन्ही म्हणा, नंतर ‘पानाची भोकं’ म्हणा. आणि ‘केवडा’, ‘भुरी’, ‘खरड छाटणी’ हे शब्द मोकळेपणानं वापरा. ते बागेतले शब्द आहेत आणि तुमच्या परिच्छेदात त्यातला एकच होता, तोही ‘अर्थात’ लावून.

एक पथ्य मात्र कडक पाळा. शाळेतली वक्तृत्व स्पर्धा डोक्यातून काढून टाका. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रमैत्रिणींनो’ हे सुरू झालं की खांदे ताठ होतात, आवाज वरच्या पट्टीत जातो आणि हात आपोआप हवेत फेकले जातात. तिसावं वर्ष ओलांडलेल्या शास्त्रज्ञांमध्येही स्पर्धेतला तो सहावीचा मुलगा अचानक जागा होताना मी पाहिलाय. तीन मिनिटांत प्रबंध सांगण्याच्या ज्या स्पर्धा हल्ली सगळीकडे होतात (मूळ कल्पना क्वीन्सलंड विद्यापीठाची, २००८ ची), त्यांचा फायदा आहेच, गाभा शोधावा लागतो. पण आपल्याकडे त्यांनाही वक्तृत्वाची लागण झालीय. पाठ केलेली तीन मिनिटं, शेवटी एक कवितेची ओळ, टाळ्या. प्रश्न विचारला की सगळं गळून पडतं.

आता तालमीकडे येतो, कारण बाकी तयारीपेक्षा इथेच कमी काम केलं जातं. भाषण ‘वाचून काढलं’ म्हणजे तालीम झाली असं संशोधकांना वाटतं. खुर्चीत बसून, लॅपटॉपकडे बघत, ओठातल्या ओठात पुटपुटलेलं भाषण आणि उभं राहून, मोठ्यानं, चाळीस फुटांवरच्या भिंतीला सांगितलेलं भाषण हे दोन वेगळे प्रयोग आहेत. जीभ, श्वास, पाय, सगळं वेगळं वागतं. किमान सात वेळा उभ्यानं करा. त्यातल्या तीन वेळा समोर जिवंत माणूस हवा, आणि तिन्ही वेळा वेगळा: संस्थेचा सुरक्षारक्षक, कँटीनमधली मावशी, भावाची मुलगी. सहकारी नको. सहकारी म्हणजे पुन्हा तो परीक्षकच. संपल्यावर ‘कसं झालं?’ विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात. ‘काय आठवतंय?’ विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. सुरक्षारक्षकाला चोर आठवतात आणि जनुकं आठवत नाहीत, तर जनुकांच्या जागी काहीतरी करायला हवं. चोर आठवतात पण मोरचुदाचा रोगाशी संबंध सांगता येत नाही, तर गोष्ट रंगली आणि काम फसलं.

पाठ किती करायचं? पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन, शब्दन् शब्द. मधलं अजिबात नाही, मध्ये फक्त थांबे ठरलेले हवेत: पान, पोहणं, चोर, मोरचूद, मग तुमचं स्वतःचं काम. पाठ केलेलं भाषण एक शब्द निसटला की गाडी रुळावरून घसरते तसं घसरतं. थांबे ठरलेले असले की रस्ता चुकला तरी पुढचं स्टेशन माहीत असतं. वेळेचा हिशोबही करून ठेवा. मराठीत निवांत बोलताना मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द जातात असा माझा अनुभव आहे. प्रश्नोत्तरांना तीन मिनिटं काढली तर तुमच्या हातात जेमतेम तेराशे शब्द उरतात. पहिल्या परिच्छेदाच्या चालीवरून तुमचा पूर्ण मजकूर अडीच हजारांच्या घरात जाईल असं दिसतंय. तो आत्ताच कापा, स्टेजवर वेग वाढवून तो बसवता येत नाही.

वेगाचं दुखणं जुनं आहे. मायकेल फॅरेडे लोहाराचा मुलगा, पुस्तक-बांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. विज्ञानाचा सगळ्यात मोठा लोकवक्ता म्हणून आज त्याचं नाव घेतात, पण तो जन्मजात तसा नव्हता. एकविसाव्या वर्षी मित्राला लिहिलेल्या पत्रांत तो दुसऱ्यांच्या व्याख्यानांची चिरफाड करताना दिसतो: दिवे कुठे आहेत, हवा खेळती आहे का, वक्ता कुठे उभा आहे, आणि एक तास कुणालाही पुरेसा आहे. पुढे त्यानं बेंजामिन स्मार्ट नावाच्या वक्तृत्वशिक्षकाकडे पैसे भरून शिकवणी लावली, आणि स्मार्टला आपल्या व्याख्यानांना बसवून चुका काढून घेतल्या. त्याच्यासमोर ‘हळू’ असं लिहिलेलं कार्ड ठेवलेलं असायचं. बोलण्याच्या भरात ते नजरेआड झालं तर मदतनीस अँडरसननं ते पुन्हा समोर आणून ठेवायचं, अशी सूचना होती. रॉयल इन्स्टिट्यूशनमधली शुक्रवारची व्याख्यानं त्यानं १८२५ मध्ये सुरू केली, ती याच जिद्दीवर. फॅरेडेला कार्ड लागत होतं, तर तुम्ही-आम्ही कोण? पहिल्या रांगेत मैत्रिणीला बसवा आणि तिच्या हातात ‘हळू’ लिहिलेला पुठ्ठा द्या. मी हे सांगतो तेव्हा सगळे हसतात, करणारे थोडे. जे करतात त्यांचा फरक ऐकू येतो.

तोंड कोरडं पडण्याबद्दल. शरीर धोक्याच्या तयारीला लागलं की लाळ कमी होते, तळहात गार पडतात. हे बंद करता येत नाही, तीस वर्षं रंगभूमीवर काढलेल्या नटांचंही तिसऱ्या घंटेला हेच होतं. आधी कोमट पाणी घोट-घोट प्या. चहा नको, गार पाणी नको. विंगेत उभ्या असताना श्वास घेण्यापेक्षा सोडण्यावर लक्ष ठेवा, चार आकडे आत, आठ आकडे बाहेर, पाच-सहा वेळा. हात थरथरत असतील तर लेझर पॉइंटर घेऊ नका, दहा फुटांवरच्या पडद्यावर ती थरथर वीतभर होऊन नाचते. हातात पान असेल तर काही दिसत नाही. आणि एक दिलासा देणारी माहिती: आपली घालमेल समोरच्याला जितकी दिसते असं आपल्याला वाटतं, तितकी ती दिसत नाही. २००३ मध्ये सॅविट्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी भाषणाआधी काही जणांना फक्त एवढंच समजावून सांगितलं, तर त्यांची भाषणं इतरांपेक्षा बरी झाली. म्हणजे हे वाचूनच तुमचं थोडं काम झालेलं असायला हरकत नाही.

माइक आदल्या दिवशी जाऊन बघा. हातातला असेल तर हनुवटीखाली चार बोटं, तोंडासमोर नको, नाहीतर ‘प’ आणि ‘फ’ला फट्कन आवाज येतो. पान एका हातात आणि माइक दुसऱ्या हातात धरून उलटता येतं का, तेही तिथंच बघा.

आता माझी एक फसगत सांगतो, म्हणजे माझ्यासारख्यांकडून काय घेऊ नये ते कळेल. सुरुवातीच्या वर्षांत एका संस्थेतल्या अतिशय शांत, हळू बोलणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला मी ‘बसवला’. एन्ट्री बसवली, दोन विनोद दिले, एका वाक्यावर वळून बघायला लावलं. तालमीत झकास. प्रत्यक्षात पहिल्या विनोदाला कुणी हसलं नाही, आणि गृहस्थ जागच्या जागी गोठले. त्यांच्याकडे उरलेल्या भाषणात स्वतःचं असं काहीच नव्हतं, सगळं माझं होतं. पुढची बारा मिनिटं मी विंगेत उभा राहून बघितली, अजून आठवली की कसंसंच होतं. महिनाभरानं तेच गृहस्थ टपरीवर चहाचा रंग लिंबानं का बदलतो ते मला इतकं सुंदर सांगत होते, की चहावाला गिऱ्हाईक सोडून ऐकत उभा राहिला. तोच आवाज, तोच संथपणा. माझं काम तो संथपणा स्टेजवर नेण्याचं होतं, मी तो पुसायला निघालो होतो. तेव्हापासून मी कुणाला विनोद देत नाही.

म्हणून नाट्यखेळांबद्दलही माझं मत जरा सावध आहे. अमेरिकेत अ‍ॅलन आल्डा या नटाच्या पुढाकारानं २००९ मध्ये स्टोनी ब्रूक विद्यापीठात केंद्र सुरू झालं, तिथं शास्त्रज्ञांना उत्स्फूर्त नाट्याचे खेळ देतात. त्यातला आरशाचा खेळ मीही घेतो: दोघं समोरासमोर, एकानं हळू हालचाल करायची, दुसऱ्यानं आरसा व्हायचं. दुसऱ्याला जमत नसेल तर चूक पहिल्याची, तो फार वेगात गेला. हे एकदा अंगात मुरलं की वक्ता बोलता-बोलता समोरचे चेहरे बघायला लागतो. पण दोन दिवसांच्या कार्यशाळेत खेळ खेळून, हसून, ग्रुप फोटो काढून घरी गेलेल्यांच्या भाषणात काही फरक पडलेला मला दिसला नाही. फरक पडतो तो एकच भाषण पाच वेगवेगळ्या माणसांना दिल्यावर.

प्रश्नोत्तरं. बागायतदार काय विचारणार ते मी आत्ताच सांगतो: ‘ताई, ते सगळं ठीक आहे, पण मग फवारू काय?’ तुमचं काम आहे केवडा आत शिरल्यावर पहिल्या काही तासांत वेलीची कुठली जनुकं जागी होतात, आणि जंगली अमेरिकन वेलींमध्ये जो प्रतिकार दिसतो तो आपल्या थॉमसन जातीच्या द्राक्षांत का नाही. फवारणीवर तुमचा अधिकार नाही. इथे दोन मोह होतात. एक, काहीतरी औषध सांगून टाकायचं. ते कधीही करू नका, त्याच्या एकरभर बागेचा प्रश्न आहे. दुसरा, ‘ते माझ्या अभ्यासाच्या कक्षेत येत नाही’ म्हणून दार लावून घ्यायचं. त्यापेक्षा म्हणा: ‘दादा, फवारणीचं मी सांगणं बरोबर नाही, मी ते काम करत नाही. पुण्याजवळच्या मांजरीतल्या द्राक्ष संशोधन केंद्रातली किंवा तुमच्या कृषी विज्ञान केंद्रातली माणसं ते रोज करतात. मी काय शोधतेय ते सांगते: फवारणी कमी लागेल अशी वेल करता येईल का.’ आणि त्यापुढे विचारा, ‘तुमच्याकडे यंदा कधी आला केवडा?’ तो सांगेल. त्यात तुम्हाला नवीन काहीतरी कळण्याची शक्यता चांगली आहे.

मुलांचे प्रश्न याहून अवघड. ‘तो पोहतो, मग त्याला दिसतं का?’ असं कुणी विचारलं तर घाईनं उत्तर देऊ नका. ‘डोळे नाहीत. मग पानाचं भोक त्याला सापडत कसं असेल, तुला काय वाटतं?’ असं म्हणून चेंडू परत द्या. उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, शोधून कळवते’ म्हणा आणि त्या शाळेला खरंच कळवा. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगायचे की प्रश्न लिहून पोस्टकार्ड पाठव, उत्तराखाली सही मिळेल. त्यांची पुण्यातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं ठेवते. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेचा ‘चाय अँड व्हाय’ हा विज्ञानगप्पांचा कार्यक्रम पृथ्वी थिएटरच्या आवारात भरतो. २८ तारखेच्या आत यातल्या एखाद्या ठिकाणी जाऊन मागे बसा. वक्त्याकडे कमी बघा, ऐकणाऱ्यांकडे जास्त. कुठल्या मिनिटाला पाय हलायला लागतात ते वहीत टिपा.

गाइडबद्दल मी फार बोलणार नाही, घरचा मामला आहे. पण सुरक्षारक्षकाला सांगून आलात की तुमच्या प्रबंधाच्या प्रास्ताविकाचा पहिला परिच्छेद पुन्हा लिहून बघा आणि तो त्यांना दाखवा. वाद घालण्यापेक्षा ते बरं. माझ्याकडच्या तिघा-चौघांच्या गाइडनी पुढच्या वर्षी स्वतःच फोन केलेत.

आणि पानाचं एक राहिलं. प्रयोगशाळेतलं ताजं रोगट पान सभागृहात आणू नका, समोर बागायतदार बसलेत आणि संध्याकाळी ते आपापल्या बागेत जाणार आहेत. दाबून वाळवलेलं, दोन्ही बाजू दिसतील असं लॅमिनेट करून घ्या, आणि मागच्या रांगेसाठी दोन्ही बाजूंचे मोठे छापील फोटो ठेवा. लॅमिनेट केलेली चार-पाच पानं जास्तीची ठेवा. कार्यक्रम संपल्यावर मुलं ती मागायला येतात.